आर्नोच्या कांठची छत्री

परदेशांतील प्राचीन नगरी मित्रासमवेत पाहण्यांत एक लाभ असतो. एकाच्या नजरेंतून निसटलेलें दुसरा टिपतो. इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं येणारे बहुतेक प्रवासी ब्रूनेलेस्कीनें उभारलेला मुख्य देवालयाचा घुमट व उफ्फीझी चित्रालय पाहून परततात. मराठी मित्रांच्या जोडीनें मात्र कास्चीने उद्यानाच्या पश्चिम टोकापर्यंत अवश्य चालत जावें. तेथें आर्नो व मुन्योने या नद्यांचा संगम आहे. नरसिंहपूरचा नीरा-भीमासंगम ज्यानें पाहिला असेल, त्याला तेथील संगमावरील छत्रीचें नवल वाटणार नाहीं; पण ती त्या परमुलखांत कशी आली, हें जाणून घ्यावेंसें वाटेल.

कोल्हापूरचे छत्रपति दुसरे राजाराम महाराज विलायतेचा प्रवास आटोपून परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं या शहरीं निवर्तले. वय अवघें वीस वर्षांचें. त्या ख्रिस्ती देशांत दहनाची रूढि नव्हती. तरीहि संगमावर हिंदु रीतीनें अग्निसंस्कार करण्यास शहराच्या अधिकाऱ्यांनीं अनुमति दिली. १८७४ सालीं त्याच जागीं महाराजांचा अर्धपुतळा व त्यावर छत्री उभी राहिली. चबुतऱ्यावर चार भाषांत लेख आहे. पुढें जवळ बांधलेल्या पुलासहि 'भारतीयाचा पूल' असेंच नांव मिळालें.

महाराजांनीं या प्रवासांत लिहिलेली इंग्रजी रोजनिशी १८७२ सालीं प्रसिद्ध झाली. ती आधीं वाचून जावी. आपल्याप्रमाणेंच नवी नगरें कौतुकानें पाहणारा, परंतु घरीं न परतलेला एक तरुण तींत भेटतो.