खंडेनवमी आणि माळ्यावरचे शिवणयंत्र

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. या दिवशी राजेलोक खड्गाची पूजा करीत. शेतकरी नांगर, विळा, कोयता मांडतो; सुतार करवत आणि रंधा मांडतो; आमच्यासारखे कीर्तनकार वीणा, टाळ, चिपळ्या आणि पोथी पाटावर ठेवून गंधफूल वाहतात. ज्याच्या योगे आपला चरितार्थ चालतो, ते ज्याचे त्याचे आयुध. मग घर सांभाळणाऱ्या गृहलक्ष्मीचे आयुध कोणते? आपल्या असंख्य मराठी घरांत त्या दिवशी एका कोपऱ्यातील काळ्या शिवणयंत्रावरचे कापड दूर होते, त्याच्या सोनेरी वेलबुट्टीवर हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूची माळ चढते. हे दृश्य मोठे मनोहर असते. परंतु वाचकहो, त्या यंत्राचे चाक फिरते का, एवढेच आज आम्हांस विचारावयाचे आहे.

शिवणकाम हे आपल्या परंपरेत हलके काम कधीच नव्हते. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात पौर्णिमेची देवता जी राका, तिची प्रार्थना आहे. तिने न तुटणाऱ्या सुईने आपले कर्म शिवावे आणि आम्हांस वीर पुत्र द्यावा, असे ऋषी तेथे मागतात. सुईचा एवढा गौरव इतक्या प्राचीन काळी झालेला आहे! आपल्या ‘शिवणे’ या शब्दामागे संस्कृतातील ‘सिव्’ धातू उभा आहे. अमरकोशाने शिंप्याला दोन नावे दिली आहेत. एक ‘सौचिक’, म्हणजे सूची अर्थात सुई चालविणारा. आणि दुसरे ‘तुन्नवाय’. तुन्न म्हणजे फाटलेले, आणि वाय म्हणजे विणणारा. फाटलेले पुन्हा सांधणारा तो तुन्नवाय! नवे शिवण्याइतकीच जुने सांधण्याची प्रतिष्ठा या एका शब्दात सामावलेली आहे.

आणि ज्यांच्या नावाची पायरी पंढरीच्या महाद्वारी आहे, ज्यांना आम्ही कीर्तनकार आमच्या परंपरेचे आद्य मानतो, ते नामदेवराय कोण? शिंप्याच्याच कुळात १२७० साली ते जन्मास आले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. त्यांत गज, कात्री, सुई आणि दोरा ही घरच्या धंद्याची हत्यारे भक्तीची रूपके होऊन आली आहेत. हातातले हत्यार आणि मुखातले नाम यांची फारकत त्यांनी कधी केली नाही.

सुई पुरातन खरी. पण तिला यंत्राची गती मिळाली ती अलीकडे. फ्रान्समधील थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी, आपला धंदा बुडेल या भयाने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातील यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत एलियास हौ याने १८४६ साली दोन दोऱ्यांच्या टाक्याचे पेटंट मिळविले, आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपले यंत्र पुढे आणले. सिंगरच्या कंपनीने १८५६ पासून हप्त्याने विक्री सुरू केली, त्यामुळे एकरकमी पैसे देण्याची ऐपत नसलेल्या घरांतही यंत्र पोहोचले. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे १८८५ साली पूर्ण झालेल्या तिच्या कारखान्यातून १९१३ या एका वर्षात दहा लाखांहून अधिक यंत्रे बाहेर पडली. तो कारखाना १९८० साली बंद झाला. परंतु तेथील रेल्वे स्थानकाचे नाव आजही ‘सिंगर’ असेच आहे. आपल्या वाड्यांत जी जुनी सिंगर यंत्रे आढळतात, त्यांतील पुष्कळशी या क्लाइडबँकचीच होत. हिंदुस्थानात ही यंत्रे एकोणिसाव्या शतकातच आली आणि नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सिंगरच्या व्यापाराचा येथे मोठा विस्तार केला. पुढे १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचे स्वदेशी ‘उषा’ यंत्र आले, आणि मग ‘उषा’ हे नाव घराघरांत लेकीसारखे रुळले.

यंत्रांच्या अतिरेकास विरोध करणाऱ्या महात्माजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद मानले होते. पत्नीचे हातशिलाईचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र घडविले, अशी त्यांची समजूत होती. इतिहासात सिंगर मुख्यतः व्यापारी म्हणूनच दिसतो, ही गोष्ट वेगळी. तथापि यंत्राने माणसाचे कष्ट हलके करावेत, त्याचे हात निकामी करू नयेत, ही महात्माजींची कसोटी आजही तितकीच खरी आहे.

काही वर्षांपूर्वी नवरात्रातील कीर्तनासाठी आम्ही एका गावी गेलो होतो. ज्यांच्या घरी उतरलो, तेथे माजघरात एक पायाचे शिवणयंत्र झाकून ठेवलेले होते. घरातील आजीबाई दर खंडेनवमीस त्याची पूजा करीत. पण वीस वर्षांत त्याला कोणी टाका घालू दिला नव्हता. त्या वर्षी घराचे नवे बांधकाम निघाले होते. थोरला मुलगा म्हणाला, “आई, भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. उगाच जागा अडते.” आजीबाई आमच्याकडे वळल्या. “बुवा, तुम्हीच सांगा ह्याला. हे गेल्यावर ह्याच मशीनवर लोकांची पोलकी शिवून दोन्ही पोरं शिकवली मी. कुणाला हात लावू द्यायची नाही मी त्याला.” सूनबाई दाराआडून हळूच म्हणाल्या, “मला शिवायला आवडेल, बुवा. पण आई हात लावू देत नाहीत.”

मुलगा विकू पाहत होता, आई जपू पाहत होती; आणि दोघांच्याही हातून ते यंत्र निकामीच राहणार होते. आम्ही म्हणालो, “आजी, पांडुरंगाला आपण रोज स्नान घालतो, पोशाख करतो, नैवेद्य दाखवितो. राऊळाला कुलूप घालून वर्षातून एकदाच हळदकुंकू वाहिले तर ती सेवा होईल का?” त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच नातवाला गावातल्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे पिटाळले.

त्या कारागिराने यंत्र आडवे करून पोटात पाहिले. कोणे एके काळी घातलेले खोबरेल तेल डिंकासारखे चिकटून बसले होते. शटलच्या घरात दोऱ्याचा गुंता होता, आणि त्याच्या शेजारी होते वीस खंडेनवम्यांच्या अक्षतांचे दाणे! तिसऱ्या दिवशी चाक फिरले. आजीबाईंना सुईत दोरा ओवता येईना. तो नातीने ओवला. पण पायडलवर पाय टेकताच त्यांना लय अचूक सापडली. त्यांनी सूनबाईंना बोलावून आपल्या शेजारी बसविले. भंगारवाला आल्या पावली परत गेला, हे सांगावयास नकोच.

असे यंत्र आपल्याही माळ्यावर असेल. नसल्यास मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा गावच्या भंगारवाल्याकडे मिळू शकते. घेण्यापूर्वी काय पाहावे? प्रथम चाक हाताने आपल्या बाजूस फिरवून पाहावे. ते जड असले तर घाबरू नये; बहुधा सुकलेले तेलच कारण असते. बिडाच्या अंगाला तडा असेल, लाकडाला वाळवी असेल किंवा शटलच्या घरात खोल गंज असेल, तर मात्र विचार करावा. काही फार जुन्या यंत्रांत होडीच्या आकाराचे लांबट शटल असते. ते हरवलेले असेल तर पुन्हा मिळणे कठीण. म्हणून ते जागेवर आहे की नाही, हे आधी पाहावे. गोल बॉबिनच्या, सिंगरच्या पंधरा नंबरी घाटाच्या यंत्रांचे तसे नाही. आपल्याकडील पुष्कळ देशी यंत्रे त्याच घाटाची असल्याने त्यांचे सुटे भाग अजून सहज मिळतात. सिंगर यंत्राच्या बैठकीवर क्रमांक कोरलेला असतो. नुसते आकडे असतील तर यंत्र साधारणतः १९०० पूर्वीचे समजावे. आकड्यांआधी एफ, जे किंवा वाय हे अक्षर असेल तर ते क्लाइडबँकचे, आणि जी असेल तर अमेरिकेतील न्यू जर्सीचे.

आता जीर्णोद्धाराविषयी. देवळाच्या जीर्णोद्धारात मूळ शिल्प घासून टाकीत नाहीत. तोच विवेक येथे हवा. प्रथम मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. सुईखालची पट्टी काढून दात्यांमध्ये नमद्यासारखा दाबून बसलेला कापसाचा गाळ टोकदार काडीने काढावा. मग तेलाच्या प्रत्येक छिद्रात व सांध्यात रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडून रात्रभर राहू द्यावे. हे काम मोकळ्या हवेत, निरांजन, उदबत्ती आणि चूल यांपासून दूर करावे. सकाळी चाक हळूहळू मागेपुढे करावे. ताकद लावून हिसडा देऊ नये. सुटलेला मळ कापडाने पुसून मग शिवणयंत्राचेच पातळ तेल एकेक थेंब द्यावे. खोबरेल, गोडेतेल अथवा स्वयंपाकघरातील कोणतेही तेल यंत्रास देऊ नये. ते काही काळाने चिकट होऊन चाक धरून ठेवते. सोनेरी नक्षीवर स्पिरिट किंवा रॉकेल चोळू नये, नाहीतर शंभर वर्षांची वेलबुट्टी एका हातासरशी उतरते. जुन्या यंत्रास विजेची मोटर जोडलेली असेल, तर तिच्या वायरीचे रबर तडकलेले असण्याचा संभव असतो. ती जाणकाराकडून तपासून घेतल्याखेरीज चालू करू नये.

त्यानंतर नवी सुई आणि नवा चामड्याचा पट्टा घालावा. पातळ कापडास अकरा, मध्यम कापडास चौदा आणि जाड कापडास सोळा नंबरची सुई योग्य. सुईची सपाट बाजू कोणत्या अंगास हवी, हे यंत्रागणिक बदलते; उलटी बसली तर टाकाच पडत नाही. टाका कसा पडतो, तेही जाणून घेण्यासारखे आहे. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि वर येऊ लागताच दोऱ्याचा लहानसा फास होतो. शटल तो फास धरून बॉबिनभोवती फिरविते, आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्यास मिठी मारून वर ओढला जातो. दोघांची गाठ कापडाच्या बरोबर मध्यात पडली पाहिजे. खालचा दोरा वर दिसू लागला तर वरचा ताण अधिक झाला. वरचा दोरा खाली लोंबू लागला तर तो ढिला पडला किंवा चुकीचा ओवला गेला, असे समजावे. संसारातही ताण थोडा इकडे, थोडा तिकडे करूनच टाका बसतो. हा दृष्टान्त आम्ही कीर्तनात सांगतो, तेव्हा पुरुषांपेक्षा माउल्या आधी हसतात!

एक शंका कोणी घेईल. तयार कपडे इतके स्वस्त झाले असता हा खटाटोप कशाला? याचे उत्तर सोपे आहे. या यंत्रांचे अंग बिडाचे आणि आतले भाग पोलादाचे. तेल दिले, गाळ काढला, तर ती पिढ्यान्‌पिढ्या चालतात. त्यांवर उशीचे अभ्रे, देवाचे आसन, पखवाजाची खोळ, टाळांची पिशवी, दिंडीची पताका असे सारे काही घरच्या घरी होते. उसवलेली बाही फेकावी लागत नाही. आणि अडल्या वेळी चार पैसे मिळविण्याचे बळ घरातील स्त्रीच्या हाती राहते. त्या आजीबाईंच्या दोन मुलांचे शिक्षण हा त्याचा दाखला आहे.

पूजेविषयीही थोडे सांगावयास हवे. यंत्रावर पाण्याचे प्रोक्षण करू नये. कोरडे फूल वाहावे. हळदकुंकू लोखंडावर न लावता लाकडी फळीवर लावावे. अक्षता पायाशी ठेवाव्यात, म्हणजे छिद्रांत पडत नाहीत. झेंडूची माळ दशमीस उतरवावी, कारण ओल्या पाकळ्यांखाली गंज धरतो. यात श्रद्धेस कोठेही उणेपणा येत नाही. उलट, ज्याची पूजा करावयाची त्याला इजा होऊ नये, हेच पूजकाचे पहिले कर्तव्य.

नवमीस पुष्कळ घरी कुमारिकापूजन होते. त्यापूर्वीच यंत्राला तेल द्यावे, घरातील एखाद्या मुलीस दोरा ओवावयास सांगावे, आणि पूजेला येणाऱ्या कुमारिकेसाठी एक साधे परकरपोलके त्यावर शिवावे. पहिली शिवण वाकडी आली तरी हरकत नाही. जगदंबा टाके मोजीत बसत नाही. दसऱ्याला सोने लुटून घरी आल्यावर आपट्याची दोन पाने त्या चाकाजवळ ठेवावीत, आणि एकादशीस पुन्हा शिवावयास बसावे.