कचेरीतली माणसे : केजच्या आजोबांचा मुलकी दाखला

नोकरीतील आरक्षणाचा हिशेब ठेवणारी बिंदुनामावलीची नोंदवही कशी भरतात आणि विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातील मागासवर्ग कक्ष ती कशी तपासतो, हे या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी केज तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आणि त्यातील प्रश्न इतका मूलगामी निघाला की नोंदवही आणखी एक आठवडा मिटून ठेवणेच मला इष्ट वाटले. त्यांच्या आजोबांच्या ट्रंकेत, शेतसाऱ्याच्या पावत्या आणि जन्मपत्रिका यांच्यामध्ये घडी घालून ठेवलेला, उर्दूत लिहिलेला आणि खाली सरकारी मोहोर असलेला एक कागद त्यांना सापडला. उर्दू जाणणाऱ्या एका वृद्ध शिक्षकांकडून तो वाचून घेतल्यावर आजोबा ‘मुलकी’ असल्याचा तो दाखला आहे, एवढे त्यांना कळले. ते विचारतात, ‘आमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या याच गावात गेल्या. मग आपण इथलेच आहोत हे सरकारदरबारी सिद्ध करण्याची वेळ आजोबांवर का यावी? आणि सिद्ध करूनही ते अखेरपर्यंत तहसिलीत नकलनवीसच का राहिले?’

दोन प्रश्नांपैकी दुसरा मला अधिक मोलाचा वाटतो; पण त्याची वाट पहिल्यातूनच जाते.

केज ज्यात येते तो बीड जिल्हा 1948 पर्यंत निझामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याचा कारभार पहिले सालारजंग यांनी 1853 ते 1883 या तीस वर्षांत नव्याने बसविला. वसुलीचा मक्ता देण्याची जुनी रीत मोडून 1865 च्या सुमारास त्यांनी जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, केली, प्रत्येक जिल्ह्यावर पगारी अव्वल तालुकदार नेमला, त्याच्या हाताखाली दुय्यम व सोयम तालुकदार आणि तालुक्या-तालुक्याला तहसीलदार अशी उतरंड उभी केली, आणि ही उतरंड चालवू शकतील अशी शिकलेली माणसे राज्यात पुरेशी नाहीत असे पाहून ती उत्तर हिंदुस्थानातून आणविली. मोहसिन-उल-मुल्क, विकार-उल-मुल्क, चिराग अली, सय्यद हुसेन बिलग्रामी हे सर्व त्याच ओघात हैदराबादेत आले. ती कर्तबगार माणसे होती आणि मराठवाड्याच्या महसुली व्यवस्थेत जे काही रेखीव आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. परंतु त्यांच्या मागोमाग त्यांचे आप्त, आप्तांचे स्नेही आणि स्नेह्यांचे मुलगे आले. आणि 1884 च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही दरबारी भाषा झाली, तेव्हा तर या मंडळींना कचेरीत आपल्या घरातच वावरल्यासारखे वाटले असले पाहिजे. ज्या राज्यात सुमारे निम्मे लोक तेलुगू, चौथा हिस्सा मराठी आणि त्याखेरीज मोठा समूह कन्नड बोलत होता, त्या राज्याचे अर्ज, रुबकार, निवाडे आणि नकला उर्दूत होऊ लागल्या.

याचा अर्थ बीडच्या रयतेच्या दृष्टीने काय होता, हे जवळून पाहिले पाहिजे. गावचे दप्तर पटवाऱ्याजवळ आणि ते मोडीत. त्यातील नोंद चुकली, बांधाचा तंटा निघाला किंवा तगाईची याचना करावयाची झाली, तर शेतकरी तालुक्याच्या गावी चालत येई आणि कचेरीबाहेर सतरंजीवर दौत-लेखणी घेऊन बसलेल्या अर्जनवीसाला गाठी. आपले गाऱ्हाणे तो मराठीत सांगे. अर्जनवीस ते उर्दूच्या शिकस्ता वळणात उतरवी. पेशकार ते तहसीलदारांसमोर वाची. हुकूम उर्दूत होई. आणि तो हुकूम काय झाला हे कळण्यासाठी पुन्हा अर्जनवीसाचीच पायरी चढावी लागे. म्हणजे आपण काय मागितले हेही शेतकऱ्याला खात्रीने ठाऊक नसे आणि काय मिळाले हेही नसे. लिहिण्याचे पैसे वेगळे, वाचण्याचे वेगळे. कचेरीत बसणारी माणसे प्रजेसारखी असावीत की नसावीत, हा वाद आज आपण टक्केवारीच्या आकड्यांत घालतो. मला मात्र त्या वादाचे मूळ नेहमी अर्जनवीसाच्या सतरंजीवर दिसते.

बाहेरून आलेल्यांविरुद्ध कुरकुर सुरू झाली ती मात्र या शेतकऱ्याकडून नव्हे. ती हैदराबाद शहरातील आणि सुभ्यांच्या ठिकाणच्या शिकलेल्या कुटुंबांतून झाली, आणि त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. पुढे 1935 मध्ये स्थापन झालेल्या निझाम्स सब्जेक्ट्स लीगमध्ये, जिला लोक मुलकी लीग म्हणत, दोन्ही समाजांचे पुढारी एकत्र बसत असत. राज्याच्या नोकऱ्या राज्याच्या प्रजेला मिळाव्यात ही त्यांची मागणी न्याय्यच होती. तिच्यापुढे सरकारने त्याआधीही वेळोवेळी मान तुकविली होती, आणि सातवे निझाम मीर उस्मान अली यांच्या 1919 च्या फर्मानाने मुलकी नियमांना पक्के रूप आले. मुलकी नसलेल्या कोणालाही खुद्द निझामांच्या खास मंजुरीवाचून वरिष्ठ वा कनिष्ठ नोकरीत घेऊ नये, असे त्यात ठरले. मुलकी कोण? ज्याच्या जन्माच्या वेळी बाप राज्यात किमान पंधरा वर्षे कायमचे वास्तव्य करून होता, तो जन्माने मुलकी. बाहेरून आलेला पंधरा वर्षे राहिला, मूळ गावी परतण्याचा विचार त्याने सोडला आणि तसा प्रतिज्ञालेख दंडाधिकाऱ्यासमोर करून दिला, तर तोही मुलकी. पंधरा वर्षे नोकरी झालेल्या सरकारी नोकराला जो मुलगा झाला तो मुलकी, आणि मुलकी पुरुषाची पत्नीही मुलकी.

आता पत्रलेखकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. नियम बाहेरच्यांना अडविण्यासाठी झाला. परंतु दार अडविले की आतल्या माणसालाही आपण आतलेच आहोत असे दाखवूनच जावे लागते. ज्यांची हाडे केजच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या मिसळली, त्यांच्याही वंशजाला नोकरीच्या अर्जासोबत दाखला जोडावा लागला, आणि पंधरा वर्षांपूर्वी दूरच्या एखाद्या प्रांतातून आलेल्या गृहस्थाचा दाखला नेमका तेवढ्याच वजनाचा ठरला.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मुलकी नियमाने पात्रतेची रेषा वास्तव्यावर आखली. परंतु नोकरीची वाट शाळेतून जात होती आणि शाळा उर्दू होती. मराठी फार तर प्राथमिक वर्गांपुरती. पुढचे सरकारी शिक्षण उर्दूतून, आणि 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने ते थेट पदवीपर्यंत उर्दूतून नेले. एका भारतीय भाषेतून सर्व शास्त्रे शिकविण्याचा तो प्रयोग देशात अपूर्व होता, आणि त्यासाठी झालेले भाषांतराचे काम पाहून मी आजही थक्क होतो; परंतु त्याच प्रयोगाची दुसरी बाजू अशी की गेवराईच्या किंवा आष्टीच्या मराठी मुलाला कारकुनीपर्यंत पोचण्यासाठी आधी परकी भाषा आणि परकी लिपी सर करावी लागे, आणि ज्याच्या घरात ती भाषा जन्मतःच होती अशा मुलाशी स्पर्धा करावी लागे. पत्रलेखकांचे आजोबा उर्दू शिकले, म्हणून नकलनवीस झाले. दरबारी उर्दूत वळणदार टिपणी लिहिण्याची सफाई, जिच्यावर पेशकारी आणि पुढची बढती अवलंबून असे, ती बहुधा त्यांना साधली नसावी. असे कितीतरी मराठी कारकून त्या पायरीवरच निवृत्त झाले. मुलकी ते शंभर टक्के होते. त्यांच्या मुलकीपणाचा त्यांना पहिल्या पायरीपुरताच उपयोग झाला.

आणि ज्यांना पहिली पायरीही दिसली नाही त्यांचे काय? वसूल गोळा झाल्यावर तो तहसिलीच्या खजिन्यापर्यंत पोचविणारा, शिवेच्या तंट्यात साक्षीला उभा राहणारा, सरकारी स्वारी आली की धावणारा गावचा महार हा तर सरकारचा सर्वांत जुना नोकर. मुलकी नियमांच्या कोणत्याही अर्थाने त्याच्याइतका मुलकी दुसरा कोणी नव्हता. परंतु त्याचा मुलगा ना उर्दू शाळेत पोचत होता ना मराठी, आणि म्हणून फर्मानाने ज्या नोकऱ्या ‘प्रजेसाठी’ राखल्या त्यांच्याशी त्याचा काही संबंधच आला नाही. मुलकी चळवळीच्या न्याय्यतेबद्दल मला शंका नाही, तरीही तिच्या कर्त्यांनी प्रजा म्हणून कोणाला डोळ्यांसमोर ठेवले होते हा प्रश्न मी सोडू शकत नाही. मराठवाड्यात ही कोंडी खऱ्या अर्थाने फोडली ती शाळांनी: अंबाजोगाईला, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादेत, योगेश्वरीसारख्या संस्थांनी, जिथे स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले, आणि नंतर 1950 मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाने, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. बीडच्या वाड्यावस्त्यांतून निघून पहिल्यांदा सरकारी खुर्चीपर्यंत गेलेली दलित पिढी मोठ्या प्रमाणात या मिलिंदच्या आवारातून घडली.

निझामाची सत्ता संपविणाऱ्या सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर चित्र उलटले. अनेक मुसलमान नोकर गेले किंवा घालविले गेले, आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या बीडमध्येच राहिलेले, पक्के मुलकी असलेलेही होते, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी बोलली जाते आणि ती बोलली पाहिजे. रिकाम्या जागी मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांतातून अधिकारी आले. मराठवाड्यात आलेल्यांपैकी अनेकांना मराठी येत होती. अर्जनवीसाची सतरंजी हळूहळू गुंडाळली गेली, हा लाभ मोठाच. परंतु तेलंगणात हाच प्रकार लोकांना सोसला नाही. 1952 मध्ये वरंगळपासून हैदराबादेपर्यंत गैरमुलकींविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि सप्टेंबरात हैदराबादच्या सिटी कॉलेजजवळ गोळीबारही झाला.

यानंतर एकाच राज्याचे मराठवाडा आणि तेलंगण हे दोन तुकडे दोन वाटांनी गेले, आणि या विषयाचा नाद लागल्यापासून मला त्या वाटांची तुलना सर्वांत उद्बोधक वाटत आली आहे. मराठी भाषकांच्या एका राज्यासाठी झालेल्या 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात, ज्यावर मराठवाड्याच्या वतीने देवीसिंग चौहान, लक्ष्मणराव भाटकर आणि प्रभावतीदेवी जकातदार यांच्या सह्या आहेत, नोकरभरती त्या त्या विभागाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी असे कलम आले. 1956 मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 371 मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यासाठी राज्याच्या सेवांत पुरेशा संधींची तरतूद झाली. परंतु ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’ हे रोखठोक माप जाऊन ‘पुरेशा’ हे सैल माप आले. पुढे संसदेने 1957 च्या कायद्याने निवासाच्या अटी काढून टाकल्या, तेव्हा अपवाद म्हणून तेलंगण, हिमाचल, मणिपूर आणि त्रिपुरा ठेवले. मराठवाडा त्या अपवादांत नव्हता. तेलंगणात मुलकी नियम न्यायालयांतून फिरत राहिले, 1969 चे आंदोलन झाले, 1973 मध्ये अनुच्छेद 371-घ आला, स्थानिक संवर्ग आले आणि अखेर 2014 मध्ये स्वतंत्र राज्य आले. मराठवाड्यात 1974 च्या विकास आंदोलनात स्थानिक तरुणांच्या नोकऱ्यांची मागणी रेल्वे व सिंचनाच्या बरोबरीने पुढे आली, वसमतला गोळीबार झाला, आणि विकास मंडळासाठी 1994 उजाडावे लागले. बीडच्या माणसाला हैदराबादचा वारसा म्हणून मुलकीपण मिळाले होते. ते त्याने महाराष्ट्रात येताना कोणत्याही बदल्याशिवाय खाली ठेवले, असे माझे मत आहे.

पंधरा वर्षे मात्र टिकली. महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र मिळविण्यासाठी आजही पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा जोडावा लागतो. फरक असा की आता हे माप संपूर्ण राज्याचे आहे. बीडच्या उमेदवाराला पुण्याच्या उमेदवारापासून ते वेगळे करीत नाही, आणि ते करावे की नाही यावर विभागवादी आणि एकात्मतावादी यांचे भांडण चालूच आहे. बिंदुनामावली मोजते ती जात आणि प्रवर्ग, आणि तेही बहुतेक जिल्ह्यांत राज्याच्याच टक्केवारीने: अनुसूचित जातींना 13, जमातींना 7, भटक्या जमाती ‘ड’ म्हणजे वंजारी समाजाला 2, इत्यादी. बीडमध्ये 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जमातींचे लोक दीड टक्क्याहून कमी आणि वंजारी समाजाची वस्ती दाट. तेव्हा राज्याचे माप जिल्ह्याला लावले की काय होते, हे नोंदवही उघडल्यावर पाहू.

पत्राच्या शेवटी वाचकांनी विचारले आहे की हा कागद आता ठेवावा की टाकून द्यावा. तो जपून ठेवावा, आणि उर्दू जाणणाऱ्या जाणकाराकडून त्याचे प्रमाणित भाषांतर करून घ्यावे. जातवैधतेच्या चौकशीत पूर्वजांचे राज्यातील वास्तव्य ठरावीक दिनांकाच्या आधीपासूनचे दाखवावे लागते: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967. गेली दोन-तीन वर्षे न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील जुनी मोडी आणि उर्दू दप्तरे गावोगाव उलगडली जात आहेत, आणि ती वाचता येणाऱ्या माणसांना कधी नव्हे इतकी मागणी आली आहे. आजोबांचा दाखला जात सांगणार नाही. परंतु ते कोठे राहत होते हे तो सरकारी मोहोरेनिशी सांगतो. नातवंडांपैकी कोणाला अर्ज करावयाचा असेल, तर मूळ कागद कार्यालयात जमा करू नये, साक्षांकित प्रत द्यावी.