दोन दिशांवरून ठिकाण : कोनाला एवढं महत्त्व का?

डोळे मिटून आवाज कुठून येतो ते आपण बोटाने दाखवू शकतो. किती लांबून येतो ते मात्र नीट सांगता येत नाही. दिशा शोधणाऱ्या रेडिओ अँटेनाचंही असंच असतं. रडार लहर सोडून ती परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतं. हा अँटेना मात्र नुसता ऐकतो, त्यामुळे त्याला फक्त दिशा कळते.

मग ठिकाण कसं काढायचं? दोन केंद्रांवरून दिशा घ्यायच्या आणि नकाशावर रेषा आखायच्या. त्या छेदतील तिथे लक्ष्य. पण प्रत्येक दिशेत थोडी चूक असतेच. १ अंशाची चूक ६० किलोमीटरवर साधारण १ किलोमीटरची होते, ६०० किलोमीटरवर १० किलोमीटरची. म्हणजे आपल्या हाती रेषा नसते, पट्टा असतो.

हे मुलांना करूनच दाखवा. कागदाच्या १ सेंटिमीटर रुंद दोन पट्ट्या काटकोनात एकमेकींवर ठेवा. जिथे त्या एकमेकींवर येतात त्या चौकोनाचा कर्ण १.४ सेंटिमीटर भरतो. आता कोन ३० अंशांचा करा. लांब कर्ण जवळजवळ ३.९ सेंटिमीटर होतो! पट्ट्या त्याच, चूक तेवढीच, पण शोधायची जागा लांबच लांब झाली.

याची किंमत समुद्रावर मोजावी लागते. मे १९४१ मध्ये 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेने ब्रिटिशांची 'हुड' बुडवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाठलाग चुकवला. आपण अजून नजरेत आहोत असं समजून तिने लांबलचक रेडिओ संदेश पाठवला. ब्रिटनमधल्या केंद्रांनी दिशा टिपल्या. पण केंद्रं एकाच बाजूला आणि जहाज दूर अटलांटिकमध्ये, त्यामुळे रेषा फार लहान कोनात छेदत होत्या. त्यात 'किंग जॉर्ज फिफ्थ' या प्रमुख ब्रिटिश जहाजावर त्या आखतानाही चूक झाली. ठिकाण प्रत्यक्षापेक्षा बरंच उत्तरेला आलं आणि ताफा कित्येक तास भलत्याच दिशेने गेला. अखेर २६ मेला एका विमानाने 'बिस्मार्क' पाहिली. २७ मेला ती बुडाली.

म्हणून मुलांना एवढं नक्की सांगा : शेजारीशेजारी दहा केंद्रं उभारण्यापेक्षा एक केंद्र दूर बाजूला नेऊन ठेवलं, तर बहुधा जास्त उपयोग होतो. किती जण ऐकतात याइतकंच, कुठून ऐकतात हेही महत्त्वाचं आहे.