कल्याण-भिवंडी : एका जोडनावाची कहाणी

इ. स. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी उत्तर कोकणात जो मुलूख हस्तगत केला त्याचा उल्लेख इतिहासात बहुधा ‘कल्याण-भिवंडी’ असा जोडीनेच येतो, आणि कल्याणातील दुर्गाडीच्या टेकडीवर उभे राहून खाली पाहिले म्हणजे हे जोडनाव भूगोलानेच पाडले असावे अशी खातरी पटते. पायथ्याशी उल्हासची खाडी, पैलतीराला कोन हे गाव, आणि त्यापलीकडे थोड्याच अंतरावर भिवंडी. कान्हेरीच्या शिलालेखांत ज्याचे नाव कोरलेले आहे आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात जे ‘कल्लिएना’ म्हणून आले आहे, त्या प्राचीन बंदराचा सारा व्यवहार या पाण्यावरून चाले; पुढे सुभ्याचा कारभार आला, आणि तोही या दोन्ही तीरांवर नजर ठेवूनच चालला.

लोहमार्गाने ही नजर एका बाजूस वळविली. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपास गेले असता मुंबईहून ठाणे व कल्याण या मार्गे थळ आणि बोर या घाटांपर्यंत रूळ नेण्याची कल्पना त्यांस प्रथम सुचली, असे नमूद आहे. घाटापलीकडचा कापूस बंदरात उतरविणे हा त्या काळच्या रेल्वेचा मुख्य हेतू असल्यामुळे कल्याणची किंमत एवढीच, की तेथे दख्खनची आणि नाशिककडची वाट फुटते. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास पोहोचली, तो दिवस आपण उत्सवाने स्मरतो. १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणास आले, त्याची आठवण कोणी काढीत नाही. माझ्या मते ही दुसरी तारीख अधिक मोलाची आहे, कारण ठाण्यापर्यंतचा मार्ग हा एक प्रयोग होता, आणि कल्याणास पोहोचल्यावर त्याला देशाची दिशा सापडली. १८५६ मध्ये खोपोली आणि १८६१ मध्ये कसारा जोडले गेले. मात्र ठाण्याची खाडी ओलांडून मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालीत रूळ कल्याणच्याच तीराने आले, आणि भिवंडी पैलतीरावर राहिली.

पुढचा इतिहास हा सारा मुंबईच्या दिशेचाच आहे. १९१६ मध्ये पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा खुला झाला. ठाकुर्लीच्या खाडीकाठी रेल्वेचे वीजघर उभे राहिले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. आणि २०११ च्या जनगणनेत एकट्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची वस्ती १२ लाख ४७ हजार भरली.

या वस्तीचा संसार गाडीच्या वेळेवर बांधलेला आहे. डोंबिवलीचा माणूस बसावयास जागा मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेने कल्याणास येतो आणि त्याच गाडीने, आपल्याच गावावरून, मुंबईस जातो. तिघांच्या बाकावर ‘चौथी सीट’ मागण्याचा हक्क कोणत्याही कायद्यात नाही, तरी तो नाकारणारा विरळाच. बायकांच्या डब्यात संध्याकाळची भाजी निवडून होते, संक्रांतीचे हळदीकुंकू होते, आणि दसऱ्याला डब्याच्या दारांवर झेंडूची तोरणे चढतात. रोजचे दोन-तीन तास घरापासून हिरावले गेले असता माणसांनी त्या तासांचेच घर केले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. परंतु या आदराच्या आड गर्दीचा हिशेब लपू नये. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर, दोन गाड्या एकमेकींजवळून जात असता, दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. ठाणे-दिवा दरम्यानचे पाचवे-सहावे रूळ २०२२ मध्येच सुरू झाले होते.

रूळ वाढविणे अवश्यच. तथापि सर्वांना एकाच दिशेने का जावे लागते, हाही प्रश्न तितकाच निकडीचा आहे. यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या भिवंडीत काम आहे, कल्याणात मनुष्यबळ आहे, आणि दोहोंमध्ये लोकल नाही. वसई-दिवा मार्गावर ‘भिवंडी रोड’ नावाचे स्थानक आहे, पण कल्याणकराला तेथे जाण्यासाठी आधी दिव्याचा फेरा पडतो.

म्हणून ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो ५ कडे मी केवळ नवे वाहन म्हणून पाहत नाही. १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणात तिचे भूमिपूजन झाले. मूळ आराखड्यात लांबी २४.९ किलोमीटर, स्थानके १७ आणि खर्च ८,४१६ कोटी रुपये. यादीतील टेमघर, राजनोली, गोवेगाव, कोनगाव ही नावे लोकलच्या प्रवाशाने गाडीतल्या घोषणेत कधी ऐकलेली नाहीत; ती सारी पैलतीराची आहेत. काम दोन टप्प्यांत विभागलेले आहे. ठाण्याहून भिवंडीच्या धामणकर नाक्यापर्यंतचा पहिला, आणि तेथून कल्याणचा दुसरा. म्हणजे ‘कल्याण-भिवंडी’ या जोडनावातील जोडरेघ जेथे पडते, नेमका तोच तुकडा मागून यावयाचा आहे. तोवर कल्याणहून भिवंडीस जाणारा माणूस एस.टी.त किंवा शेअर रिक्षात बसून दुर्गाडीच्या पुलावर वाहनांच्या रांगेत खोळंबतो, आणि त्याच्या पायाखालून, एके काळी गलबते आणणारी भरती कोनाच्या काठाला लागते.