ओष्ठरोग : नित्याची चीर आणि न भरणारी चीर

दिवाळी सरून थंडीची चाहूल लागली की ओठ फुटल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांची आमच्या चिकित्सालयात रीघ लागते. बहुतेक वैद्य या तक्रारीस गौण मानतात. औषधालयाच्या फळीवरील एखादे मलम पुढे केले जाते व रुग्ण मार्गस्थ होतो. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. त्यातील एका रुग्णाने आमची ही सवय मोडली. त्याचा वृत्तांत पुढे येईल.

ओठाची रचना ध्यानात घेतल्यास तो लवकर का फुटतो हे सहज उमगते. ओठाच्या रक्तवर्ण भागावर स्वेदग्रंथी नसतात, तैलग्रंथी क्वचित असतात आणि वरचे आवरण अतिशय पातळ असते. अन्य त्वचेस मिळणारा स्वाभाविक स्नेह येथे मिळत नाही. बालाघाटाच्या माथ्यावरील आपल्या धाराशिव जिल्ह्यात हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते, उन्हाळा प्रखर असतो आणि शेतकरी व ऊसतोड मजूर दिवसभर उघड्यावर राबतात. रूक्ष वायू, आतप व स्नेहाचा अभाव ही वातप्रकोपाची सामग्री येथे आयतीच असते. त्यात ओठ वारंवार जिभेने ओले करण्याची खोड असली, तर भर पडते. लाळ सुकताना उरलासुरला ओलावाही घेऊन जाते, ओठ अधिक कोरडा पडतो व जीभ पुन्हा फिरते. शाळकरी मुलांत ओठाभोवती जी लाल कड दिसते तिचे कारण बहुधा हेच. तेथे औषधाआधी खोड मोडावी लागते.

सुश्रुताचार्यांनी पासष्ट मुखरोगांत ओष्ठाचे आठ सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, सन्निपातज, रक्तज, मांसज, मेदोज व अभिघातज. वाग्भटाचार्यांनी खंडौष्ठ व जलार्बुद यांचाही निर्देश केला आहे. पैकी खंडौष्ठ म्हणजे जन्मजात दुभंगलेला ओठ. तो शस्त्रसाध्य असून अशा बालकास शल्यतज्ज्ञाकडे लवकर धाडावे, एवढेच येथे पुरे. वातज ओष्ठकोपात ओठ कर्कश, परुष, ताठर व काळसर होऊन तीव्र वेदनेसह फाटतात. हिवाळ्यातील दहांपैकी आठ रुग्ण याच वर्णनात बसतात असा आमचा अंदाज आहे. पित्तजात मोहरीएवढ्या पुळ्या, दाह व पाक असतो. कफजात कंडू, शोथ व चिकटपणा, वेदना मात्र नाही. रक्तजाचा वर्ण खर्जूरफलासारखा असून त्यातून रक्त वाहते, तर मांसजात ओठ जड, स्थूल व मांसपिंडाप्रमाणे उंचावलेला होतो. रक्तज, मांसज व सन्निपातज हे तीन आचार्यांनी वर्ज्य म्हटले आहेत. विद्यार्थिदशेत आम्ही हा भाग परीक्षेपुरता पाठ केला होता. वर्ज्य या शब्दाचा अर्थ पुढे एका शेतकऱ्याने शिकविला.

परंडा भागातील हे गृहस्थ पन्नाशीचे. खालच्या ओठाच्या आतील बाजूस एक चीर व तिच्याभोवती पांढुरका कठीण भाग. तंबाखू-चुन्याचा बार ते नेमके तेथेच धरीत. दुखत नाही, फक्त तिखट झोंबते, असे त्यांचे म्हणणे. आम्ही वातज ठरवून यष्टीमधुसिद्ध घृत व गंडूष दिले, तंबाखू सोडण्याविषयी दोन शब्द बोललो. चीर थोडी मऊ वाटली म्हणून पुन्हा पंधरा दिवस, मग आणखी पंधरा दिवस. दोन महिने उलटल्यावर चिरेची कड वर आली व हनुवटीखाली गाठ लागली, तेव्हा त्यांस बार्शीस धाडले. तपासणीत कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेने ते वाचले, पण ओठाचा मोठा भाग गमावून. पहिल्याच महिन्यात पाठविले असते तर कदाचित एवढे गेले नसते. ही चूक आमची होती आणि ती लिहून ठेवणे आम्हास आवश्यक वाटते.

वास्तविक आपल्या भागास या बाबतीत अज्ञानाचा बहाणा करता येत नाही. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आपल्या सीमेलगत आहे. तेथील ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 पासून बार्शीबरोबर आपल्या परंडा व भूम तालुक्यांतील गावेही व्यापते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी किती उपयुक्त ठरते हे ठरविणारा, सुमारे 1 लाख 30 हजार स्त्रियांचा अभ्यास याच जिल्ह्यात 1999 मध्ये सुरू होऊन 2009 मध्ये प्रसिद्ध झाला व जगभर वाचला गेला. त्यासाठी यंत्रणेस गावोगाव फिरावे लागले. मुखासाठी केवळ उजेड व ओठ उलटून पाहण्याची तयारी एवढेच पुरते.

केवळ ओठाचा कर्करोग आपल्याकडे गालाच्या कर्करोगाहून कमी आढळतो. मात्र बार धरण्याची जागा ओठाच्या आत असेल तर तेथील श्लेष्मल त्वचा प्रथम पांढरी पडते. स्त्रियांना याविषयी स्वतंत्रपणे विचारावे लागते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नास त्या निःशंक ‘नाही’ म्हणतात, कारण मिसरी त्यांच्या लेखी तंबाखू नसून दात घासण्याची वस्तू असते. ‘मिसरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असेच विचारावे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे औषधालय चालविणाऱ्या बंधूंना शेजारच्या टपरीवरून कळतच असेल.

आमचा नियम आता असा आहे : ओठावरील चीर, व्रण किंवा पुसून न जाणारा पांढरा वा लाल डाग पंधरा दिवसांच्या उपचाराने स्पष्ट सुधारला नाही, तर तिसऱ्या आठवड्यात रुग्ण तपासणीस जातो. कड कठीण असेल, आपोआप रक्त येत असेल वा हनुवटीखाली गाठ लागत असेल, तर पंधरा दिवसही थांबत नाही.

ओठांचे कोपरे चिरणे ही निराळी अवस्था आहे. तेथे लोह व ब जीवनसत्त्वाची न्यूनता, पांडुता, सैल कवळी किंवा बुरशी यांपैकी काही ना काही सापडते. ओठ व नेत्रवर्त्म फिके असतील तर रक्ततपासणी करावी आणि केवळ मलमावर विसंबू नये. वृद्धांत मधुमेहाची चौकशी करावी. तारुण्यपिटिकांवर घेतल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनने जवळजवळ प्रत्येकाचे ओठ कोरडे पडतात. चालू औषधांची विचारपूस केल्यास बरेच तर्क वाचतात.

औषधालय मालकांस एक विनंती आहे. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार पुळ्यांचा पुंजका उठतो, तो विषाणूजन्य असतो. त्यावर गोरेपणासाठी वा खाजेसाठी विकली जाणारी स्टिरॉइडयुक्त क्रीम देऊ नये. तिने पुळ्या पसरतात. कोपऱ्यातील बुरशीही तिने आधी दबते व मग बळावते.

आपल्या शास्त्रोक्त कल्पांतही विवेक हवा. जात्यादि तैल व घृत व्रणावर उत्तम, परंतु त्यात तुत्थ असते आणि ओठास लावलेले पोटात जातेच. सिंदूर घातलेली मलमे शिसे असल्याने ओठास सर्वथा निषिद्ध समजावीत. बालकांच्या मुखपाकात टंकण व मध चाटविण्याची प्रथा घरोघरी आहे. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये व टंकण पोटात जाऊ देऊ नये. नाभीत तेल घातल्याने ओठ मऊ होतात असे सर्वत्र ऐकू येते. ओष्ठरोगाधिकारात आम्हास तसे कोठे आढळले नाही. अपाय नसल्याने आम्ही कोणास अडवीत नाही, पण ओठास स्नेह ओठावरच लावावा.

वातज ओष्ठकोपात सुश्रुतोक्त मधूच्छिष्टयुक्त स्नेहाचे अभ्यंग आजही सर्वांत फलदायी वाटते. आम्ही तिळतेल पाच भाग व मधमाशीचे मेण एक भाग घेतो. मंद आचेवर मेण विरघळताच खाली उतरवून कोमट असता ज्येष्ठमधाचे वस्त्रगाळ चूर्ण अल्प प्रमाणात मिसळतो. मेणाच्या नावाने बाजारात पॅराफिन मिळते, म्हणून शक्यतो मधपाळाकडून थेट घ्यावे. कोकणातील भिरंडेल मिळाल्यास भेगांवर तेही चांगले. रात्री झोपताना व उन्हात निघण्यापूर्वी लावावे, निघालेले पापुद्रे ओढू नयेत, आणि शेतात काम करणाऱ्यांनी रुंद काठाची टोपी किंवा पदर ओठावर सावली पडेल असा घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत हे मलम डबीत पातळ होते. तेव्हा तेल तीन भागांवर आणावे.