पाचाची गोळी, दहाची गोळी

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे आमच्या मेडिकलमध्ये दिवसभर चिठ्ठ्या येत असतात. एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमची चिठ्ठी घेऊन येणारे बरेचजण आवाज खाली घेतात आणि म्हणतात, "ताई, सध्या पाचच द्या. मानवल्या तर पुढच्या नेतो." डॉक्टरांनी महिन्याचं औषध लिहिलेलं असतं. अंगदुखीच्या, पित्ताच्या गोळ्यांना असा हिशेब चालून जातो. या औषधाला चालत नाही. पहिल्या पाच दिवसांत त्याचा त्रास कळतो, गुण कळायला पुढे काही आठवडे जावे लागतात. पाच गोळ्या नेणारा माणूस त्रास तेवढा भोगतो आणि औषध सोडून देतो. काउंटरच्या या बाजूला उभं राहून मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

गेल्या वर्षी एक एसटी कंडक्टर आले होते, चाळिशीतले. गाडी गच्च भरली की छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घशाला कोरड, आता आपण जातो असं वाटायचं. ईसीजी झाला, टूडी इको झाला, थायरॉइड झालं, सगळं नॉर्मल. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. चिठ्ठीवर होतं : सकाळी नाश्त्यानंतर एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅम, आठवड्यानं १०, शिवाय रात्री क्लोनाझेपाम पाव मिलिग्रॅम, थोडेच दिवस. चार-पाच दिवसांत ते परत आले, कापलेलं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "हे मला गरम पडतंय. मळमळतंय, पोट बिघडलंय, धडधड तर आधीपेक्षा जास्त. आणि मोबाइलवर बघितलं तर हे नैराश्याचं औषध. मला कुठं नैराश्य आहे?"

नैराश्यावरची म्हणून ओळखली जाणारी ही औषधं चिंतेच्या आजारातही डॉक्टर सर्वांत आधी देतात, हे त्यांना सांगितलं. त्यांना स्टुलावर बसवलं आणि डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी दहाची गोळी आठवडाभर पुढे ढकलली, पाचाचीच चालू ठेवा म्हणाले, ती पोटभर खाऊन घ्यायला सांगितली. औषध बदललं नाही. दादांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण उरलेल्या गोळ्या मात्र घेऊन गेले.

मेंदूतल्या पेशी सेरोटोनिनसारख्या रसायनांमार्फत एकमेकींना निरोप देतात आणि निरोप पोचला की ते रसायन परत आत ओढून घेतात. ही ओढ एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं अडवतात. ते काम पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होतं. मग गुण यायला इतका वेळ का? सेरोटोनिन वाढलं की पेशी स्वतःच ब्रेक दाबून त्याचं सोडणं कमी करते. औषध रोज पोटात जात राहिलं की हा ब्रेक हळूहळू सैल होतो, त्याला आठवडे लागतात. उशीर का होतो याचं हे सर्वांत जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण. पोट बिघडण्याचं कारण वेगळं. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच असतं, त्यामुळे पहिला दणका तिथं बसतो. मळमळ, जुलाब, डोकेदुखी, झोपेचा घोटाळा, वाढलेली अस्वस्थता हे सगळं बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत ओसरतं. चिंतेचा रुग्ण आधीच शरीराच्या प्रत्येक ठोक्यावर कान लावून बसलेला असतो, म्हणून त्याला कमी मात्रेपासून सुरुवात करून देतात.

'पॉवर' वाढवण्याची घाईही खूप होते. एस्सिटालोप्रामची शरीरातली मात्रा निम्मी व्हायला साधारण ३० तास लागतात. रोज एक गोळी घेतली तर रक्तातलं प्रमाण स्थिर व्हायलाच आठवडा जातो, आणि परिणाम त्याच्याही नंतर. तेव्हा चौथ्या दिवशी "काही फरक नाही, वाढवू का?" याला उत्तर देण्यासारखं डॉक्टरांच्याही हातात काही नसतं. दुसरी गोष्ट शेजारपाजारची. "जावेला पन्नासची दिलीय, मला दहाचीच, म्हणजे माझी हलकी का?" असं विचारणाऱ्या वहिनी मला भेटतात. जावेची गोळी सर्ट्रालिनची असते. ती सहसा २५ पासून सुरू होते, ५० वर नेतात आणि गरज पडली तर २०० पर्यंत वाढवता येते. एस्सिटालोप्राम मात्र नेहमी १० वर ठेवतात आणि २० च्या वर सहसा नेत नाहीत. दोन वेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून काहीच कळत नाही.

क्लोनाझेपामची गोष्ट उलटी. ती तासाभरात शांत करते, म्हणून लोकांना आवडते. "सवय लागेल" या भीतीनं एस्सिटालोप्राम बंद करतात आणि क्लोनाझेपाम मागत राहतात. जिची सवय लागण्याची खरी धास्ती घ्यायची, तीच नेमकी हवी असते. डॉक्टरांनी ती पहिल्या आठवड्यांपुरती टेकू म्हणून लिहिलेली असते.

गुण आला तरी तो रुग्णाला स्वतःला कळतोच असं नाही. न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये १९६० च्या आसपास डोनाल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञानं भीतीचे झटके येणाऱ्या रुग्णांना इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध देऊन पाहिलं. काही आठवडे गेले. रुग्ण म्हणत होते, काही फरक नाही. डॉक्टरांनाही दिसत नव्हता. पण वॉर्डातल्या नर्सच्या लक्षात आलं, की "मी मरतोय" म्हणत दिवसातून कितीदा तरी तिच्या टेबलाकडे धावत येणारा माणूस आता येईनासा झाला आहे. तेव्हापासून घबराटीच्या झटक्यांवरच्या औषधोपचाराला दिशा मिळाली. ही हकिगत वाचल्यापासून मी गुण आला का हे रुग्णाबरोबरच्या माणसालाही विचारते. कंडक्टरदादांबरोबर पुढच्या महिन्यात वहिनी आल्या होत्या. दादा म्हणाले, "तसंच आहे हो." वहिनी म्हणाल्या, "जेवताना मनगट धरून नाडी बघायचे, ते थांबलंय." तोवर दहाची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.

धीर धरायचा म्हणजे सगळंच सोसायचं नाही. जीव द्यावासा वाटू लागला, एका जागी बसवेना, झोप न घेताही विलक्षण हुरूप आला, अंगावर पुरळ उठलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर सुरुवातीच्या आणि मात्रा बदलतानाच्या आठवड्यांत घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं. वयस्कर माणसाला अचानक भ्रम झाला तर रक्तातलं सोडियम तपासून घ्यावं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायची गरज पडली तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही. गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल किंवा इतर वेदनाशामक घेत असाल तर ते आधी सांगा. लैंगिक इच्छा कमी होते, ही तक्रार तर काउंटरवर कुणीच उच्चारत नाही. पुरुष गुपचूप औषध सोडतात. तो औषधाचाच परिणाम असू शकतो, आपोआप जाईलच असं नाही, आणि मात्रा किंवा औषध बदलून डॉक्टर त्यावर मार्ग काढू शकतात. सांगितलं तरच.

बरं वाटू लागलं की बहुतेकांना गोळी नकोशी होते. पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर डॉक्टर ती चालू ठेवतात, कारण लवकर थांबवली तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे प्रकार होतात. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, नेहमीचीच एक घ्यायची. कंडक्टरदादा रत्नागिरीच्या मुक्कामी ड्युटीला गेले की पाकीट घरी राहायचं. आता वहिनी तिकिटाच्या मशीनच्या पिशवीत एक जादा पाकीट ठेवतात, कधीही न कापलेलं, म्हणजे मुदतीची तारीख वाचता येते.