शिबिरातला मोबाईल : जप्ती की करार?

जिते स्थानकावर दिवा-रोहा गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणांकडे जरा पाहावे. एका बाकावर चौघे बसलेले असतात, पण बोलत कोणीच नसते. प्रत्येकाची मान हातातल्या मोबाईलवर. हीच मुले आम्ही सुट्टीत शिबिराला नेतो आणि त्यांना संघटनेचे धडे देतो. शेजाऱ्याशी चार शब्द न बोलणारा संघटित होणार कसा?

पहिल्या वर्षी आम्ही सोपा मार्ग धरला. आल्या आल्या सर्वांचे मोबाईल एका ट्रंकेत भरले आणि कुलूप ठोकले. तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली, तेव्हा गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा एक मुलगा रडवेला झाला. मुकादमाने त्याला दोन दिवस फोन केले होते. उत्तर मिळेना, म्हणून त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. कामगारांचे कैवारी म्हणवणाऱ्या आम्हीच एका कामगाराची रोजी घालवली! आमचे स्वतःचे फोन मात्र त्या तीन दिवसांत आमच्या खिशातच होते.

त्या रात्री आम्हाला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. त्यांच्या चळवळीमुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती कोणी लादली नव्हती. कामगारांनी स्वतः मागितली होती. विश्रांती ही मागून घ्यायची गोष्ट आहे, हे त्यातून शिकावे.

आज ती विश्रांती मोबाईल खातो आहे. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. मोबाईलचा पडदा सरकवला की पुन्हा नवे काही येतच राहते. हा अपघात नव्हे. नजर जितका वेळ पडद्यावर, तितकी जाहिरात अधिक आणि तितकी कंपनीची मिळकत अधिक. म्हणजे आपला पोरगा बिनपगारी जादा काम करीत असतो, आणि त्यालाच तो करमणूक म्हणतो. त्याला नुसते रागावून काय होणार? हा व्यवहार त्याला समजावून सांगितला पाहिजे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 सालच्या स्वातंत्र्यदिनापासून एक प्रयोग केला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि दीड तास घरोघर मोबाईल व दूरचित्रवाणी बंद. मुले अभ्यासाला बसत. पण वडीलधाऱ्यांनाही तोच नियम लागू होता, हे विसरू नये. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातही दहा दिवस मोबाईल जमा करावा लागतो. परंतु येणाऱ्याला ते आधीच ठाऊक असते आणि तो कबूल होऊनच येतो.

म्हणून आता आम्ही जप्ती सोडली आणि करार धरला. पहिल्या सायंकाळी शिबिरार्थींची सभा भरते, नियम तेच ठरवतात आणि वहीत सह्या करतात. मोबाईल प्रथम जमा करायचा तो संयोजकांनी. प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी मिळते. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास फोन परत. शिबिराचा एक क्रमांक आईवडिलांना आधीच लेखी कळवलेला असतो व तो फोन दिवसरात्र उचलला जातो. ज्याची रोजी फोनवर अवलंबून आहे किंवा ज्याच्या घरी आजारपण आहे, त्याला सवलत. आणि ती मागताना त्याला सर्वांसमक्ष कारण सांगावे लागत नाही. छायाचित्रे काढण्याचे काम रोज एकाकडे. आणि मुलीचे छायाचित्र तिला विचारल्याशिवाय कोठेही जाणार नाही. उठवायला मोबाईलचा गजर नको, घंटा आहे.

मोडणारे निघतातच. त्यांचा न्याय दुसऱ्या दिवशीची सभा करते, आम्ही नव्हे. एका रात्री उशीखाली फोन सापडलेल्या मुलाला सभेने भांडी घासायला लावले. मग त्याच्या मदतीला चौघे आपण होऊन नळावर गेले. तासभर तेथे गप्पा आणि हसणे चालले होते. संघटना, ती हीच.